सगळं आहे, काही आणू नका असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना सणाला काय द्यावं?

पायवाट

सण जवळ आला की आमच्याकडे हाच विषय निघतो. आई, बाबा, आत्या आणि थोरले काका, चौघंही सत्तरी ओलांडलेले. काय आणू विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नको गं, सगळं आहे. तू ये, तेवढं पुरे."

ते खरंही आहे. कपाटं भरलेली आहेत, गेल्या काही वर्षांत दिलेल्या कितीतरी वस्तू खोक्यातून बाहेरही आलेल्या नाहीत. त्या पसाऱ्यात भर घालायची नाही. पण वर्षातून एकदा आपण त्यांच्यासाठी विचार केला हे त्यांना कळावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. रिकाम्या हातानं जाणं मला जमत नाही.

थोडी माहिती देते. आईला वाचनाचं वेड, पण हल्ली लवकर डोळे दुखतात आणि बोटांत जोर राहिलेला नाही. बाबांकडे जुने फोटो, कॅसेट, कागदपत्रं यांचा मोठा साठा आहे. आत्या एकटी राहते, कानाला यंत्र आहे. काकांचा हात लाकूडकामात बसलेला, आणि कोणी महागाचं काही दिलं की ते चक्क चिडतात.

वस्तूंची यादी नकोय. तुम्ही कसं ठरवता ते सांगा.

उंबरा

रोख रक्कम पाकिटात घालून द्यायची. त्यांना हवं ते ते घेतील.

पायवाट

उंबरा, तसं केलं की तेच पाकीट निघताना मुलांच्या हातात परत येतं. :)

निळीशाई

चौघं एकच वाक्य बोलत असले तरी चौघांची कारणं वेगळी असतील. आधी ती शोध, वस्तूचं नंतर बघू.

कोणाकडे खरंच पुरेसं असतं आणि नवी वस्तू म्हणजे पुसायला, ठेवायला आणखी एक काम. कोणाला मुलांनी खर्च करू नये असं वाटतं. कोणाला काहीतरी हवं असतं, पण मागायची सवयच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बघितलेल्या माणसाला स्वतःसाठी तोंड उघडणं फार जड जातं. आणि काही जणांना घेतलं की परत द्यावं लागेल याची काळजी असते.

हे शेवटचं कारण आपण सहसा लक्षातच घेत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की भेटीमागे तीन बंधनं असतात: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परत देण्याचं. ज्याची मिळकत थांबली आहे किंवा ज्याला बाजारात जाणं झेपत नाही, त्याच्यासाठी तिसरं बंधन अवघड होऊन बसतं. तुझ्या काकांचं चिडणं मला त्यातलं वाटतं. महागाची वस्तू हातात पडली की बरोबरीनं परत कसं द्यायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहत असेल.

अशा माणसाला देण्यापेक्षा त्यांच्याकडून काहीतरी घ्यावं. लाकूडकाम येतं ना त्यांना? मग घरातलं डुगडुगणारं स्टूल घेऊन जा आणि ते कसं दुरुस्त करायचं ते शिकव म्हणावं.

रानवारा

मला हा सगळा शोधच खटकतो. सत्तरीतला, शहाणासुरता माणूस स्पष्ट सांगतो की मला काही नको. त्यावर आपण त्याच्या मनात काय दडलंय ते खणत बसायचं? लहान मूल असतं तर गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाचा शब्द जसाच्या तसा मानणं हाही आदरच आहे. आमच्याकडे मोठ्यांनी एकमेकांना वस्तू द्यायच्या नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. लहान मुलांना देतो, बाकी नुसते भेटतो. कोणाचंही प्रेम कमी झालं नाही.

निळीशाई

रानवारा, तुमच्याकडे सगळ्यांनी बसून ठरवलं, म्हणून ते चांगलं चाललंय. एकानंच मनाशी ठरवून थांबवलं तर समोरच्याला आपण विसरले गेलो असं वाटू शकतं. असं ठरवायचं तर सणाच्या बरंच आधी बोलावं, आणि सगळ्यांशी बोलावं.

तळटीप

यावर अर्थशास्त्रात आणि मानसशास्त्रात बरंच काम झालंय. पायवाटच्या प्रश्नाला उपयोगी पडेल तेवढंच लिहितो.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाचा १९९३ चा लेख प्रसिद्ध आहे. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सणाला मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं: भावनिक मोल बाजूला ठेवलं तर ही वस्तू तुमच्या लेखी कितीची? उत्तरं वस्तूच्या किमतीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी आली. मित्र आणि जोडीदार यांच्या भेटी त्यातल्या त्यात नेमक्या निघाल्या. आजी-आजोबा, काका, मावशी यांच्याकडून आलेल्या सगळ्यात जास्त चुकल्या. वयाचं आणि रोजच्या जगण्याचं अंतर वाढलं की नेम चुकतो. पायवाट, तुमच्या बाबतीत अंतर तेवढंच आहे, फक्त दिशा उलटी. तुमच्या आत्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो हे तुम्हाला किती ठाऊक आहे?

त्या लेखात भावनिक मोल मुद्दाम वगळलं होतं, हे मात्र विसरू नये. घरच्या भेटीत बहुतेक वेळा तेच तर मोठं असतं.

दुसरं म्हणजे किंमत. फ्लिन आणि अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये दाखवलं की देणाऱ्याला वाटतं, जितकी महाग तितकी ती आवडेल. घेणाऱ्याच्या समाधानाशी किमतीचा तसा संबंध दिसला नाही. २०१६ मध्ये गॅलाक, गिव्ही आणि विल्यम्स यांनी यामागचं कारण फार नीट मांडलं. देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेट हातात देण्याचा क्षण असतो, म्हणजे कागद फाटतो, चेहरा खुलतो तो क्षण. घेणाऱ्याला मात्र ती वस्तू पुढे महिनोन्‌महिने वापरायची असते. म्हणून झगमगीत वस्तू देताना छान वाटतात आणि कपाटात जातात, तर साधी, रोज हाताशी लागणारी वस्तू देताना आपल्याला संकोच वाटतो.

मी त्यामुळे एकच प्रश्न विचारतो: पुढच्या साध्यासुध्या मंगळवारी ही वस्तू कुठे असेल?

खिडकीपाशी

मी काही नको म्हणणाऱ्यांपैकीच. वय चौऱ्याहत्तर. पलीकडची बाजू सांगते.

आम्ही नको म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खरंच नको असतं. या वयात घरातल्या वस्तू कमी करायच्या मागे आपण असतो. आपल्यामागे हे सगळं कोण आवरणार, हा विचार रोज मनात येतो. त्यात नवं खोकं आलं की पोटात गोळा येतो. शिवाय दिलेली वस्तू कोणाला देऊनही टाकता येत नाही. पुढच्या वेळी देणारा येतो तेव्हा त्याची नजर ती वस्तू शोधत असते. मग ती दर्शनी ठेवायची, पुसायची, आणि तो गेला की परत आत ठेवायची. मुलांनी एवढं केलं तरी पुष्कळ आहे: देतानाच मोकळेपणानं सांगा की आवडली नाही तर खुशाल पुढे द्या, आम्ही विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका.

मला आवडलेल्या भेटी कोणत्या ते सांगते. नातवानं माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, नको ती ॲप्स काढली, चार जणांचे फोटो पहिल्या पडद्यावर आणले. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो. सुनेनं माझं जुनं मनगटी घड्याळ साफ करून, पट्टा बदलून आणलं. नवं घड्याळ आणलं असतं तर मी ते घातलं नसतं. पुतण्या येऊन माळ्यावरचं सामान खाली काढून बसला. काय ठेवायचं, काय टाकायचं ते मी सांगत होते, तो उचलत होता. निघताना टाकायचं सगळं स्वतः घेऊन गेला. घरात आलेली वस्तू शून्य, आणि गेलेल्या कितीतरी. मला तर सणच झाला तो.

रानवारा यांचं म्हणणं मला पटतं. वस्तू नको म्हटलं तर वस्तू आणू नका. पण कोणी माझ्याकडे लक्ष देऊन पाहिलं तर त्याला मी कधीच नको म्हणणार नाही.

उंबरा

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद घरच्या गटात वाचून दाखवला.

काजवा

आई आणि आत्यासाठी काही नेमकं. (मी ज्येष्ठांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करते.)

आईचे डोळे दुखतात तर आधी चष्म्याचा नंबर तपासला आहे का ते बघा. तो ठीक असेल तर उजेड बघा. वयानुसार बाहुली लहान होत जाते, डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि दाट होतं. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. तुम्हाला लख्ख वाटणारी खोली त्यांना अंधुक वाटते. वाचायच्या खुर्चीमागून, खांद्यावरून पानावर पडेल असा मान वळणारा दिवा द्या, आणि तो स्वतः लावून, उंची जमवून मगच निघा. डोळ्यांवर थेट पडणारा उजेड उलट त्रास देतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर माणूस हलला की आपोआप लागणारे छोटे दिवेही लावा. रात्री उठताना पडायचा धोका कमी होतो.

बोटांत जोर नसेल तर बरणीचं झाकण पकडायची रबरी पकड, जाड मुठीचं पेन, हलकी कात्री. पण अशा वस्तू सगळ्यांसमोर कागदात गुंडाळून देऊ नका. दहा माणसांपुढे आपल्या अशक्तपणाचं खोकं उघडायला कोणालाच आवडत नाही. स्वयंपाकघरात दोघीच असताना ओट्यावर ठेवून यायचं.

आत्याच्या कानाच्या यंत्राला बदलायच्या बॅटऱ्या असतील (बरीच नवी यंत्रं चार्ज होतात) तर वर्षभराच्या बॅटऱ्यांची जबाबदारी घेणं ही फार उपयोगी भेट आहे. माप चुकवू नका. पाकिटाचे रंग ठरलेले असतात: १० ला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. या झिंक-एअर बॅटऱ्या. वरची चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी सुरू होते, पट्टी परत लावून ती थांबत नाही. म्हणून एकदम सगळ्यांच्या पट्ट्या काढून ठेवायच्या नाहीत. एकीची काढली की मिनिटभर तशीच ठेवून मग यंत्रात बसवायची.

बेल वाजली की दिवा लुकलुकतो अशीही उपकरणं मिळतात. एकट्या राहणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला फार आधार होतो. मात्र नवं श्रवणयंत्र कोणालाही परस्पर घेऊन देऊ नका. आधी कानाची तपासणी, मग त्या माणसाच्या कानाप्रमाणे जुळवणी, हे लागतंच.

पायवाट

काजवा, उजेडाचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई दिवसा खिडकीत बसून आरामात वाचते आणि संध्याकाळी पुस्तक मिटते. आत्ता उलगडलं.

पिंपळपान

बाबांच्या साठ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तो दरवर्षी थोडा थोडा नाहीसा होत असतो. रंगीत फोटो फिके पडतात, कॅसेटच्या फिती खराब होतात आणि फोटोतल्या माणसांची नावं सांगणारी माणसं राहत नाहीत. वस्तू नको म्हणणाऱ्या माणसाला त्याच्याच वस्तू नीट करून परत देणं, मला यापुढे दुसरी भेट सुचत नाही.

सगळा साठा एकदम उचलून नेऊ नका. त्यांना तो घराबाहेर गेलेला चालणार नाही आणि तुमच्याकडून कामही पुरं होणार नाही. एकच पाकीट किंवा एकच अल्बम घ्या.

छापील फोटो त्याच आकारात हवे असतील तर ३०० डीपीआय (स्कॅन करताना दर इंचात किती बिंदू टिपायचे ते माप) पुरतं. दुप्पट मोठे करून छापायचे असतील तर ६०० वर स्कॅन करा. निगेटिव्ह आणि स्लाइड आकारानं लहान, त्यांना २४०० किंवा जास्त लागतं. चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले जुने अल्बम फोटोंचे शत्रू आहेत, त्यातला गोंद फोटो खातो. आधी प्रत्येक पानाचा जसंच्या तसं फोटो काढून ठेवा, म्हणजे क्रम राहील. मग मेण नसलेला, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत फोटो सोडवा. सुटत नसेल तर ओढाताण करू नका, पानासकट स्कॅन करा. फोटोच्या मागे बॉलपेननं कधीच लिहायचं नाही, दाबाचे वळ पुढून उमटतात. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. पाठ गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा.

कॅसेट वाजवून बघण्याआधी तिच्या तोंडाशी पत्र्याच्या पट्टीवर असलेला कापडी ठोकळा जागेवर आहे का ते पाहा. बऱ्याचदा तो सुटलेला असतो. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसऱ्यांदा फीत साथ देईलच असं नाही.

सगळ्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

खरी भेट पुढे आहे. स्कॅन केलेले फोटो घेऊन बाबांशेजारी बसा आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर टाका म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही; पंखा बंद, फोन हातभर अंतरावर. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. फोटो पुढे करून "हा मागे उभा आहे तो कोण?" विचारा, मग थांबत नाहीत. ते थांबले तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा सगळ्यात मोलाचं वाक्य त्या शांततेनंतरच येतं. पाऊण तासात थांबा. थकवू नका.

रानवारा

हे मात्र मनापासून पटलं. वस्तू न देता देणं म्हणतात ते हेच असावं.

निळीशाई

पिंपळपान, अप्रतिम.

एक जोडते, पत्राबद्दल. कुमार आणि एपली यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना अंदाजापेक्षा खूप जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी निघालं. त्यामुळे हात आखडू नका. "तुम्ही फार केलंत" असं मोघम लिहू नका. एखादा प्रसंग घ्या, त्यांना आठवतही नसेल असा, आणि त्यानं तुमचं काय झालं ते लिहा. अक्षर मोठं, ओळी सुट्या.

अंगणवेल

वेळेची भेट देणाऱ्यांना एक विनंती. "मी कधीही येऊन मदत करेन" असं लिहिलेलं कार्ड देऊ नका. न मागणारा माणूस ते कार्डही कधी वापरणार नाही, खणात ठेवेल. तारीख घालून द्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी येणार, नळ गळत असेल तो बघणार, बँकेचे कागद लावणार, सुऱ्यांना धार लावणार. नको असेल तर त्यांनी कळवायचं. मागण्याचं ओझं त्यांच्यावरून काढून घ्यायचं.

भावंडं असाल तर महिने वाटून घ्या. सणाच्या एका दिवशी सगळ्यांनी गर्दी करण्यापेक्षा वर्षभर कोणीतरी येत राहणं चांगलं. एकट्या राहणाऱ्या आत्यासाठी तर नक्कीच.

उंबरा

त्यांच्या नावानं एखाद्या संस्थेला देणगी दिली तर?

तळटीप

विचारून दिली तर उत्तम. न विचारता दिली तर जपून. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा भेटी घेणाऱ्याला किती आवडतील याचा देणारे जास्तच अंदाज करतात, विशेषतः नातं फार जवळचं नसेल तेव्हा. संस्था त्यांच्या आयुष्याशी जोडलेली असावी: त्यांची शाळा, ते जायचे ते वाचनालय, त्यांच्या आजारपणात उपयोगी पडलेली जागा. आपल्याला महत्त्वाचं वाटणारं काम त्यांच्या नावावर घालू नये.

पायवाट

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाचं वाचून थोडं थोडं बदलत गेले.

आईला दिवा. पण आधी डोळ्यांची तपासणी, मी बरोबर जाणार. बाबांचा एकच अल्बम, चिकट पानांचाच आहे. तो सणाच्या दिवशी काही तयार करून देण्यासाठी घेणार नाही, त्या दिवशी त्यांच्याशेजारी बसूनच सुरुवात करणार. आत्याकडे आम्ही तिघी बहिणींनी महिने वाटून घेतलेत, शनिवार ठरला. तिला पत्रही लिहिणार आहे. मी परीक्षेत नापास झाले होते तेव्हा घरच्यांशी ती बोलली होती, ते कधी तिला सांगितलंच नाही.

राहिले काका. स्टूल नेण्याचा विचार आवडला, पण सणाला माणसं जमलेली असतात, त्यांना आवडेल का कळत नाही.

खिडकीपाशी

सणाच्या दिवशी नेऊ नका. पाहुण्यांमध्ये हत्यारं काढायची म्हणजे त्यांची धांदल. आठवडाभर आधी फोन करा आणि म्हणा, माझं स्टूल डुगडुगतंय, मला शिकायचंय, तुम्हाला कधी जमेल? दिवस त्यांना ठरवू द्या. सामान काय आणायचं तेही त्यांनाच विचारा, आणि सांगतील तेवढंच न्या. आता कानस धरवत नसेल त्यांना, तर ते बसून सांगतील आणि तुम्ही करा. चुकलं तर ते ओरडतील, ओरडू द्या.

पायवाट

केला फोन. आधी म्हणाले, "नवं घे की, शिकून काय करणार?" मग पाच मिनिटांनी त्यांचाच परत आला, स्टुलाचे पाय चौकोनी आहेत की गोल ते विचारायला. रविवारी बोलावलंय.

काजवा, आत्याच्या बॅटरीचं पाकीट तपकिरी निघालं. म्हणजे ३१२ ना?

काजवा

हो, ३१२. घेताना पाकिटावरची मुदत बघा.